कोपऱ्यातला ठिपका

३ मार्च

ताई,

मघाशी फोनवर म्हणालीस, "दुकानात गर्दी आहे, काय ते लिहून पाठव." म्हणून लिहितेय. तुझ्याकडे एक काम आहे आणि नाही म्हणायचं नाही.

आमची कंपनी लोकांना ऑनलाइन चित्रं दाखवून त्यांची मतं गोळा करते, हे तुला ठाऊक आहेच. (तुझ्या आईला, म्हणजे आमच्या आत्याला, अजून वाटतं मी जाहिराती रंगवते. वाटू दे.) एका बस कंपनीला आपल्या सगळ्या स्थानकांवर मोठाले फोटो लावायचे आहेत. त्यांनी सहा निवडलेत. त्यातला कुठला लावायचा ते लोकांना विचारायचं. फोटोत जिथे नजर जाईल तिथे बोट टेकवायचं, की तिथे ठिपका उमटतो. आवडलं तर हिरवा, खटकलं तर लाल. शेजारी चौकट उघडते, त्यात का ते दोन शब्दांत लिहायचं. मग हजारो लोकांचे ठिपके एकावर एक ठेवले की गर्दी कुठे झाली ते दिसतं. माझं सगळं शास्त्र एवढंच.

खरी पाहणी सुरू व्हायच्या आधी घरच्या माणसांवर प्रयोग करतेय. लिंक खाली दिली आहे. कुठे अडकतं, कुठलं वाक्य कळत नाही, ते सांग. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतेस, आता तू वाच जरा.

वहिनीच्या लग्नाची तयारी कुठवर आली? धाकटा दादा गेल्यावर इतकी वर्षं ती तुमच्यातच राहिली, आणि आता आत्यानेच पुढाकार घेऊन तिचं लग्न जमवलं, म्हणून बाबा इथे भेटेल त्याला सांगत सुटलेत, "शेवटी बहीण कोणाची!" वीस एप्रिलची रजा मी टाकली आहे. तुमच्या लिफ्टवाल्यांना बघायचंय मला. नवरामुलगा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करतो हे ऐकून माझ्या मैत्रिणीही उत्सुक आहेत.

तुझी ठकू


४ मार्च

ठकू,

तिसरा फोटो. बसस्थानकाची मोठी काच, बाकांची रांग, डाव्या हाताला खांब. खांबाला टेकून एक दाढीवाला उभा आहे. निळं जाकीट, हात खिशात, मान वळवलेली.

तो आपला धाकटा आहे.

हसू नकोस आणि घाईने समजूतही घालू नकोस. मी माणसांचे डोळे बघून पोट भरते. डाव्या भुवईत फट आहे, ती जिन्यावरून पडला तेव्हाची, टाके पडताना मी त्याचे पाय धरून बसले होते. सगळा भार एका पायावर टाकून उभं राहणं त्याचंच. दाढी मात्र त्याला आपल्यापैकी कोणी कधी पाहिली नाही. म्हणजे नंतर वाढवली. नंतर, ठकू.

पूल पडला तेव्हा पाच वेल्डर पाण्यात गेले. तिघे सापडले. दोघांचं काहीच हाती लागलं नाही, त्यातला एक आपला. आपण वाट पाहिली, मग कोर्टात गेलो, मग कोर्टाने कागद दिला की समजा, मेला. त्या कागदावर आपण रडलो. माणसाला कोणी पाहिलं?

फोटो कधी काढलाय, तेवढं शोध. आज शोध. तो जिवंत असेल तर वीस एप्रिलला आमच्या घरात काय होणार आहे याचा विचार कर.

फोन करू नकोस. भिंती पातळ आहेत आणि वहिनी पलीकडच्या खोलीत असते. आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

ताई


६ मार्च

ताई,

तुझी ओळ वाचल्यापासून मी तो फोटो उघडते आणि मिटते. गेले कितीतरी दिवस तो माझ्या स्क्रीनवर आहे. उजेड बरा आहे का, कडा कापायच्या का, एवढंच बघत होते. त्या माणसाकडे माणूस म्हणून पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं, तर कधी तो वाटतो, कधी नाही. धाकट्या दादाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा कॉलेजात होते, आणि तोही सगळा वेळ माझी स्कूटर दुरुस्त करत खाली वाकलेला होता.

जे कळलं ते सांगते. फोटो विकणाऱ्या एका साइटवरून आम्ही तो घेतला. तिथे खाली तारीख आहे, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरची. फोटोग्राफरचं नुसतं टोपणनाव आहे. त्याला निरोप पाठवलाय, उत्तर नाही. तारीख वाचून मलाही तुझं पटायला लागलं, खोटं कशाला बोलू.

पण एक ऐक. तू गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काच बदलून विचारतेस ना, "आता जास्त स्पष्ट की आधी?" तूच म्हणाली होतीस, आपल्या आवाजात जरा जोर आला तरी लोक "आता" म्हणून मोकळे होतात. आमच्या धंद्यातही सगळ्यात मोठी भीती तीच. फोटो हातात घेऊन "हा आपला धाकटा ना?" असं विचारलंस तर दहापैकी नऊ जण हो म्हणतील. तुझ्या तोंडाकडे बघून म्हणतील.

म्हणून मी एक वेगळी पाहणी बनवते. चार साधे फोटो, त्यात हा एक. प्रश्न एवढाच: "ओळखीचं काही दिसलं तर त्यावर बोट ठेवा. काही नसेल तर पुढे जा." एका फोटोवर एकच ठिपका. त्याला जवळून ओळखणाऱ्या पाच-सहा जणांना पाठवू. कशासाठी ते सांगायचं नाही. तू नावं दे. तोवर कोणाकडे जाऊ नकोस, कोणाला काही विचारू नकोस. शब्द दे.

आणखी एक. खरी पाहणी आज सुरू झाली. त्या फोटोवर अनोळखी लोकांचे ठिपके धडाधड पडताहेत आणि बहुतेक सगळे त्याच्यावरच. हिरवे. "हा कोणाची तरी वाट बघतोय." "येणारं माणूस फार जवळचं असणार." वाचवत नाही मला.

ठकू


८ मार्च

ठकू,

दिला शब्द.

नावं घे. त्याच्याबरोबर वेल्डिंग शिकलेला जाड्या. आमचे काका. वरच्या मजल्यावरचे मास्तर, ज्यांच्याकडे तो कॅरम खेळायला पडीक असायचा. त्याच्या साइटवरचा मुकादम, त्याचा नंबर जाड्याकडे असेल. वहिनीला पाठवायची नाही. तिच्यापर्यंत वारासुद्धा जाता कामा नये.

काल तिने लग्नासाठी चपला आणल्या. स्वयंपाकघरात घालून आईला चालून दाखवत होती. आई म्हणाली, "टाच जरा कमी चालली असती." ती म्हणाली, "आई, यांच्याशेजारी बुटकी दिसते मी." दोघी हसल्या. मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही. कोणाच्या बाजूने हसायचं ते मला समजेना.

तुझी ती पाहणी लवकर उरक.

ताई


१५ मार्च

ताई,

आले सगळे. शांतपणे वाच.

जाड्याने ठिपका ठेवला तो भिंतीवरच्या घड्याळावर. लिहिलं, "असंच घड्याळ आमच्या वर्कशॉपात होतं." मास्तर काहीच न ठेवता पुढे गेले. मुकादमाने लिंक उघडलीच नाही. काकांनी मात्र चेहऱ्यावर ठेवला. लिहिलं, "आमच्या पोराची आठवण झाली." पोरगाच आहे असं नाही म्हणाले, ताई. आठवण झाली म्हणाले. या धंद्यात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर धरतात.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते. तू नको म्हणालीस तरी मी वहिनीलाही पाठवली. त्याला तिच्याइतकं जवळून कोण ओळखतं? तिला वगळून विचारायचं म्हणजे विचारण्याचं नाटक झालं असतं. "नवं काम आहे, करून बघ," एवढंच लिहिलं.

बाकीचे तीन फोटो तिने पटापट सोडले. या फोटोवर ती खूप वेळ थांबली, आमच्या नोंदीत तेही दिसतं. बंद केला, परत उघडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. आणि ठिपका ठेवला तो उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात. तिथे काहीही नाही. बाकाची कड, कोणाचा तरी अर्धा हात, पिशवीचा पट्टा. चौकट रिकामी.

अनोळखी माणसांचीसुद्धा नजर त्याच्यावर जाते, आणि तिची जात नाही? मला वाटतं तिने चेहरा टाळला. का, ते मला कळत नाही. तू तिला काही विचारू नकोस. फोटोग्राफरचं उत्तर येऊ दे.

इकडे माझ्या मॅनेजरबाईंनी आज विचारलं, "ही दुसरी पाहणी कुठल्या गिऱ्हाइकाची?" मी म्हटलं, चाचणी आहे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला ओळखू येतं.

ठकू


२१ मार्च

ठकू,

हे मी लॉजच्या खोलीतून लिहितेय. दिवसभर फोन बंद ठेवला होता, म्हणून तुझे फोन लागले नसतील.

फोटोतल्या काचेवर उलटी अक्षरं होती, त्यावरून स्थानक कळलं. तो पूल पडला तिथून दोन तासांवरचं शहर. घरी सांगितलं, दुकानाच्या कामाला जाते. तुझं पत्र वाचल्यावर मला घरात बसवेना. तिने चेहरा टाळला म्हणतेस. टाळणारच. तिला माहीत आहे, ठकू. तो जिवंत आहे हे तिला केव्हापासून माहीत आहे. त्याने तिला कळवलं असेल, मला विसर म्हणून, आणि ती गप्प बसली. आम्ही तिला पोटच्या पोरीसारखी ठेवली आणि ती आईसमोर बसून कोर्टाच्या कागदावर रडली.

शब्द मोडला मी. फोटो छापून आणला आणि काल दिसेल त्याला विचारलं. तिकीट खिडकीवरचा म्हणाला, "बाई, असे रोज हजार बघतो." झाडूवाली म्हणाली, नाही बाई. मग एक हमाल भेटला. त्याला विचारलं, "हा इथे येतो ना?" तो म्हणाला, "येतो की. शनिवारी येतो." मी विचारलं, "दाढी आहे ना अजून?" म्हणाला, "आहे ना." मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

आज शनिवार. सकाळपासून त्या खांबासमोर बसले. निळं जाकीट दिसलं की उठत होते. दुपारी तोच हमाल एका म्हाताऱ्याला सांगताना ऐकला. म्हाताऱ्याने विचारलं, "ही गाडी थांबते ना तिकडे?" हा म्हणाला, "थांबते की." समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, तिथे थांबत नाही.

तरी मी संध्याकाळपर्यंत बसले.

निघण्याआधी आणखी एक केलंय, तेही सांगून टाकते. लिफ्टवाल्यांना फोन करून सांगितलं की आईची तब्येत बिघडलीय, लग्न पुढे ढकलावं लागेल. ते म्हणाले, "लग्नाचं राहू द्या, आईंना काय होतंय?" मी फोन ठेवला.

उद्या घरी पोचते. आता तिच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय राहणार नाही.

ताई


२२ मार्च

ताई,

कुठे आहेस? फोन घे. घरी जाऊन वहिनीला काही म्हणायच्या आत हे वाच.

फोटोग्राफरचं उत्तर आलं. निवृत्त गृहस्थ आहेत, पूर्वी वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचे. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपले जुने फोटो एकदम साइटवर चढवले. खालची तारीख चढवल्याची आहे, काढल्याची नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. माझं रोजचं काम आहे हे.

मूळ फोटो त्यांनी पाठवला. त्यावर कॅमेऱ्याची तारीख आहे. पूल पडला त्याच्या आदल्या महिन्यातली.

तो तोच असेल, ताई. तुझी नजर चुकलेली नाही. पण तो तेव्हाचा आहे.

वहिनीच्या ठिपक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण मी "टाळला" असं लिहिलं ते माझ्या मनाचं लिहिलं. ठिपका कुठे पडला एवढंच मला सांगता येतं, का पडला ते तो सांगत नाही. हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावते आणि तुझ्या बाबतीत विसरले. तिला काही बोलू नकोस. पाया पडते.

ठकू


२४ मार्च

ठकू,

तुझं पत्र आज सकाळी वाचलं. सगळं परवाच होऊन गेलं होतं.

मी घरी पोचले तेव्हा तिघंही स्वयंपाकघरात होती. तिघं म्हणजे आई, वहिनी आणि लिफ्टवाले. ते फळांची पिशवी घेऊन आजारी आईला बघायला आले होते आणि दार आईनेच उघडलं होतं, हाताला पीठ लागलेलं. आता खुर्चीत अवघडून बसले होते. आई म्हणाली, "काय गं, मी आजारी आहे म्हणे?"

मी पर्समधून फोटो काढला आणि वहिनीपुढे ओट्यावर ठेवला. म्हटलं, "हा कोण?"

तिने पाहिलं. हात पुसले.

"तुला माहीत होतं. ठकूने पाठवला तेव्हा तू परत परत उघडून बघितलास, आणि बोट ठेवलंस भलत्याच कोपऱ्यात. आमच्यापासून लपवलंस. तो आहे, हे लपवलंस."

आईने ओट्याची कड धरली. "कोण आहे?" म्हणाली. मी काय करून बसले ते तेव्हा कळलं, पण बाण सुटला होता.

वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटतंय? तो जिवंत आहे असं वाटतंय?" आवाज अगदी खाली. "म्हणून तुम्ही तिकडे गेला होतात?"

मी म्हटलं, "दाढी बघ. आपण कधी पाहिली होती?"

"तुम्ही नव्हती पाहिली. मी पाहिली होती. साइटवर असताना वाढवली होती त्याने. मी दोन दिवस त्याच्याकडे गेले होते, आठवतं? परत निघाले तेव्हा सोडायला आला होता." मग तिने फोटो जवळ ओढला आणि उजव्या कोपऱ्यातल्या त्या अर्ध्या हातावर बोट ठेवलं. "ही मी."

ठकू, बाकाच्या कडेवर हात आहे आणि पिशवीचा पट्टा. तू म्हणालीस काही नाही. मीही पाहिलं होतं, मलाही काही नव्हतं.

"मग चेहऱ्यावर का नाही ठेवलंस?" मी विचारलं. एवढं झाल्यावरही विचारलं.

ती म्हणाली, "त्याच्या तोंडावर बोट टेकवायचं मला धाडस झालं नाही, ताई. माझ्या हातावर टेकवलं."

लिफ्टवाले उठले, आईला खुर्ची दिली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभे राहिले. आईने फोटो हातात घेतला, चष्मा लावला. मला वाटलं आता ही कोसळते. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे काय ध्यान करून घेतलं होतं? कोणी बोललं नाही त्याला?"

वहिनी म्हणाली, "मीच बोलले होते. काढून टाक म्हटलं, भिकाऱ्यासारखा दिसतोस. म्हणून तर तोंड फिरवून उभा आहे. फुगला होता."

आई म्हणाली, "बरोबर बोललीस." आणि मग दोघी रडायला लागल्या. मला त्यांच्यात जागा नव्हती. मी गॅस बंद केला.

लिफ्टवाल्यांना मी जिन्यात गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "फळं खाऊन टाका, टिकायची नाहीत." लग्नाचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. कामापुरतंही बरंच झालं म्हणायचं.

ताई


२६ मार्च

वहिनी,

काय तोंडाने लिहू? तुला न सांगता त्या फोटोसमोर मी तुला बसवलं. आणि कोणी काय उत्तर दिलं हे बाहेर सांगायचं नसतं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तो मोडून तुझं उत्तर मी ताईला कळवलं, वर माझा अर्थ लावून. मॅनेजरबाईंना मी काल सगळं सांगितलं. नोकरी राहिली. पण चित्रांचं काम काढून घेतलं. आता मी लोकांच्या प्रतिक्रियांतल्या शिव्या गाळत बसते. बरोबरच केलं त्यांनी.

तरी एक विचारणं भाग आहे. बस कंपनीने तोच फोटो पसंत केलाय. लोकांनी सगळ्यात जास्त हिरवे ठिपके त्यालाच दिलेत. प्रत्येक स्थानकावर भिंतभर लागेल. पण फोटोतला माणूस कोण ते आता आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा घरच्यांच्या होकाराशिवाय लावता येणार नाही, असं बाईंनी त्यांना कळवलंय. तू नाही म्हणालीस तर तिथेच विषय संपेल. तुला कोणी पुन्हा विचारणार नाही. मी तर नाहीच.

ठकू


३० मार्च

ठकू,

रागावले होते. अजून थोडी आहे. पण तुझ्यामुळे तो मला बघायला मिळाला, हेही खरं. माझ्याकडचे त्याचे सगळे फोटो गुळगुळीत दाढीचे. शेवटी शेवटी मी जो पाहिला तो कुठेच नव्हता. मला वाटायचं ती दाढी मीच मनाने लावली असेल. तुझी ती लिंक मी पुन्हा पुन्हा उघडत होते त्यात काही गुपित नव्हतं. बघायला मिळत होता म्हणून बघत होते.

तेव्हाच का सांगितलं नाही, असं ताई विचारतात. लग्न तोंडावर आलेलं. अशा वेळी मी त्याचा फोटो घेऊन आईंसमोर गेले असते तर त्यांनी काय समजायचं? हिचं मन अजून तयार नाही, की ही आपल्याला तपासून बघतेय? आणि माझं मन तयार आहे, ठकू. तेही खरं आहे. हे दोन्ही एका वेळी खरं कसं ते मला सांगता येत नाही, म्हणून गप्प राहिले.

तू लोकांनी लिहिलेलं ताईंना कळवलं होतंस, त्यांनी मला दाखवलं. "कोणाची तरी वाट बघतोय." एवढ्या लोकांपैकी एकालाही कळलं नाही की तो रुसलाय! मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. गाडी हलली तेव्हा मात्र हसला. काचेवर हात मारला आणि गालावरून वस्तरा फिरवल्याची खूण केली. काढतो म्हणाला.

यांना मी फोटो दाखवला. यांनी नीट पाहिला. म्हणाले, "लावू दे की, माणूस देखणा आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला रोज इथल्या स्थानकावरून जावं लागतं, पण माझं सोड." ते "माझं सोड" मला सोडवेना.

होकार-नकार मी देणार नाही. आईंना विचार. मी वीस तारखेला या घरातून निघणार, त्या इथे राहणार.

वहिनी


२१ एप्रिल

ठकू,

काल तू दुपारच्या गाडीने निघून गेलीस, नाहीतर हे तोंडी सांगितलं असतं.

आधी फोटोचं. आईला विचारलं. ती म्हणाली, "तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी माझ्या पोराला कशाला बघायचं? नको." तेव्हा नको म्हणून कळव. मला वाटलं, घरात मोठा करून लावू का विचारेल. तर म्हणाली, "माझ्या कपाटात आतल्या बाजूने चिकटव. ती येईल-जाईल, तिला अवघड व्हायला नको." वहिनी निघायच्या आतच तिची व्यवस्था लावत होती.

कालपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. वहिनी ऐन वेळी म्हणेल, ताई साक्षीदार नकोत. म्हटलं असतं तर मी काय बोलणार होते? सकाळी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "ताई, चष्मा घ्या बरोबर, सही करायची आहे." बस, एवढंच. मी चष्मा शोधत राहिले, तो डोळ्यांवरच होता.

नोंदणी कार्यालयात तू बाहेर लिफ्टवाल्यांच्या बहिणीशी बोलत होतीस तेव्हाची गोष्ट. वहिनीचे मामा येणार होते, आले नाहीत. तिच्या बाजूने साक्षीदार म्हणून आई आणि मी. कारकून तरुण होता, घाईत होता. मान खाली ठेवूनच त्याने आईला विचारलं, "मुलीच्या कोण?"

मी बघितलं, आईचे ओठ हलत होते. सासू म्हणावं तर समोर दुसरा नवरा उभा. मी बोलणार तेवढ्यात वहिनीने मान वळवून आईकडे पाहिलं. वाट बघत होती, काय म्हणतात ते.

आई म्हणाली, "आम्ही माहेरची."

कारकून म्हणाला, "असं नाही चालत आजी. नातं सांगा. आई?"

"हो," ती म्हणाली.

त्याने लिहिलं. वहिनीने ते वाचलं आणि खाली सही केली.

घरी आल्यावर आई जेवली नाही. आज मात्र दोनदा मागून घेतलं. पत्र पाठव.

ताई